दोन वाजून दहा मिनिटांचं गाणं

१

चोरी पकडली ती एका यंत्राने. गाण्यांच्या हक्कांचं जे मंडळ आहे, त्याच्या कचेरीत हे यंत्र देशोदेशीचे रेडिओ ऐकत बसलेलं असतं. दोन-चार सुरांत गाणं ओळखायचं आणि गाणाऱ्याचं, रचणाऱ्याचं नाव पुढे सरकवायचं, एवढंच त्याचं काम. पोटात कोट्यवधी गाणी असल्यामुळे त्याचं सहसा कुठे अडत नसे. एका छोट्या स्टेशनपाशी मात्र ते अडून बसलं. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या स्टेशनच्या नेटवरच्या प्रसारणात एक बाई गात होती, आणि ती कोण या प्रश्नावर यंत्र रोज एकच उत्तर देत होतं: माहीत नाही.

स्टेशनच्या लॉगशीटवर त्याच वेळेपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'सूचना. बोलणं. गाणं नाही.' खाली सही आणि शिक्का. असं एक-दोनदा नव्हे, दोनशे बारा दिवस.

मंडळाने आपल्या एका जुन्या तपासनिसांना, मोजणीदारांना, पाठवलं. हे नाव त्यांना कचेरीने दिलेलं होतं, आणि ते जिने चढताना पायऱ्यासुद्धा मोजतात हे पाहिलेल्या कुणालाही त्याचं कारण विचारावं लागत नसे. त्यांचं कामच मोजण्याचं. मनोऱ्यावरून हवेत सोडलेलं गाणं किती जणांनी ऐकलं ते कुणालाच कळत नाही, म्हणून ते वाजलं की एकदाच धरायचं. नेटवर मात्र ऐकणारा प्रत्येक जण दिसतो. तिथे गाणं जितक्या कानांत गेलं तितक्यांदा वाजलं असं धरायचं आणि तितकी रॉयल्टी त्याच्या धन्याला पोहोचवायची. मोजणीदारांनी एकतीस वर्षं हे कान मोजले होते. पण या स्टेशनचा आकडा पाहून तेही चक्रावले होते. दिवसभर इथे नेटवर जेमतेम अडीचशे लोक असायचे. दोन वाजून नऊ मिनिटांनी आकडा चढू लागायचा, दहाला अकरा हजारांच्या वर जायचा, आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा अडीचशेवर यायचा.

इतकी माणसं काय ऐकायला येत होती, आणि स्टेशन ते का लपवत होतं?

स्टेशन म्हणजे एक दुमजली इमारत, खाली कचेरी, वर दोन स्टुडिओ आणि गच्चीवर गंजलेला मनोरा. ते सासऱ्यांनी काढलं आणि आता सून चालवत होती. सगळे तिला वहिनी म्हणत, ज्यांची ती वहिनी लागत नव्हती तेसुद्धा. मोजणीदारांनी बसल्या बसल्या मंडळाचं पत्र पुढे ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा झाला नाही, तर नेटवर प्रसारण करायची परवानगी रद्द.

वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "हा मनोरा पुढच्या वर्षी उतरवायचाय. नंतर नेटच उरणार आम्हाला. तुम्ही ते बंद केलंत की स्टेशनला कुलूप."

"मी बंद करत नाही, बाई. मी मोजतो फक्त."

"मग नीट मोजा," वहिनी म्हणाल्या.

मोजणीदार बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारच्या खोलीत कुणीतरी शिक्के मारत होतं. टप-ठक, टप-ठक, टप-ठक, मग कागद उलटल्याची सळसळ, आणि पुन्हा तेच. त्या आवाजाने त्यांचं डोकं उठलं आणि बाकाच्या पट्ट्या मोजता मोजता चुकल्या.

२

त्यांनी प्रत्येकाला हेडफोन लावून ते गाणं ऐकवायचं ठरवलं. माणूस तोंडाने काहीही सांगतो, पण गाणं ऐकताना चेहऱ्यावर पहारा ठेवणं फार थोड्यांना जमतं.

खरं सांगायचं तर स्वतः मोजणीदारांनाही ते जमलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते कचेरीत हातात पेन्सिल धरून बसले होते आणि गाणं संपल्यावर पेन्सिल जमिनीवर सापडली. गाण्याला शब्द नव्हते. सावकाश वर चढणारा, कसलीही घाई नसलेला, किंचित खरखरीत आवाज. जणू ऐकायला कुणी आहे हे तिच्या गावीच नव्हतं. खाली कुठलं तरी जाड वाद्य तीन-तीन ठोके देत होतं. आणि दर वेळी एखादी ओळ ऐन रंगात आली की गाणं मध्येच कापल्यासारखं थांबायचं.

वहिनींनी ऐकलं आणि डोळे पुसायचेही विसरून विचारलं, "कोण हो ही?"

दुसरा सकाळचा निवेदक, दुपारच्या सूचनाही तोच वाचे. त्याच्या पहिल्याच शब्दावरून गाव त्याला सुप्रभात म्हणे. आपल्याला सगळ्या गायिका आवाजावरून ओळखता येतात अशी त्याची ख्याती होती, निदान त्याच्या मते. त्याने अर्ध्या मिनिटात एक नाव सांगितलं, मिनिटाने ते मागे घेऊन दुसरं सांगितलं, आणि शेवटी पडेल चेहऱ्याने म्हणाला, "नाही बुवा. कोण आहे?"

तिसरे वहिनींचे धाकटे दीर. स्टेशनची सगळी यंत्रं त्यांच्या ताब्यात. त्यांनाही सगळे भावजीच म्हणत. त्यांनी हेडफोन घालायच्या आधी मोजणीदारांच्या छोट्या यंत्राची सुई पाहिली, लेव्हल छान असल्याचं सांगितलं, आणि आपण आवाज ऐकण्यापेक्षा बघतोच जास्त, सुई खोटं बोलत नाही, असंही बजावलं.  शेवटी त्यांनीही तेच विचारलं. कुणाची रेकॉर्ड आहे ही?

चौथ्या नोंदताई. शिक्के मारत होत्या त्या याच. बारीक चणीच्या, पुटपुटल्यासारखं बोलणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या. अठ्ठावीस वर्षं स्टेशनवर वाजलेलं प्रत्येक गाणं, त्याचा गायक, रचणारा, मिनिटं आणि सेकंद त्यांनी शीटवर उतरवलं होतं. किल्ल्यांची वहीसुद्धा त्यांच्याकडेच असे. त्यांच्या कपाटातल्या शीटवर एकही खाडाखोड नाही हे वहिनींनी मोजणीदारांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

नोंदताईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून रुमालाच्या टोकाने पुसले आणि परत दिले.

"हे कुठवर ऐकू जातं?" त्यांनी विचारलं.

मोजणीदारांनी कागद पाहिला. "छप्पन्न देश."

"बरं," नोंदताई म्हणाल्या, आणि हातातला शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून त्यांनी ड्रॉवर लावून घेतला.

३

या चौघांपैकी कुणीही ते गाणं आधी ऐकलेलं नव्हतं याची मोजणीदारांना जवळजवळ खात्री पटली. पण रोज आपल्याच स्टेशनवर लागणारं गाणं चौघांनाही माहीत नाही, हे कसं?

उत्तर व्हरांड्याच्या भिंतीवरच होतं. प्रत्येक खोलीत स्टेशन ऐकायचा एकेक स्पीकर होता आणि दोन वाजून दहा मिनिटांनी त्यातून सुप्रभात सूचना वाचत होता. कुणाची तरी तपकिरी पिशवी हरवली होती, कुणाला चष्मा सापडला होता, पाण्याच्या टाकीची सफाई होती. त्याच क्षणी मोजणीदारांच्या खिशातल्या फोनवर, त्याच स्टेशनच्या नेटवर, ती बाई गात होती. इमारतीतले सगळे स्पीकर मनोऱ्याला जोडलेले होते. आपलं नेटवरचं प्रसारण या इमारतीत कुणी कधी ऐकलंच नव्हतं. स्वतःच्या घराला मागचं दार आहे आणि तिथे अकरा हजार माणसं उभी आहेत, याचा यांना पत्ताच नव्हता.

भावजींनी काहीच आढेवेढे घेतले नाहीत. सूचनांमध्ये गावातल्या लोकांचे फोन नंबर असतात, कुणाच्या आजारपणाच्या गोष्टी असतात, त्या जगाला कशाला सांगायच्या? म्हणून त्या लागल्या की नेटवर दुसरी एक फाइल आपोआप सुरू होते, रोज पहिल्यापासून. सूचना संपल्या की ती तुटते. आणि या बदलाचं लॉगशीटवर काहीच येत नाही, कारण नेटची शीट म्हणून हवेतल्या शीटचीच नक्कल मंडळाला जाते. दोन वेगळ्या शीट लागतात हे इथे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"आणि त्या फाइलमध्ये हे गाणं आहे."

"गाणं कसलं? त्यात काही नाही. रिकामी खोली आहे."

प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला, यंत्रांची घरघर वाढली आहे का ते बघायला, भावजी यंत्राला घड्याळ लावून, स्वतः न येता, सकाळी सात वीसला स्टुडिओ नंबर दोनमधला रिकामेपणा रेकॉर्ड करत. नेटला पूर्ण शांतता चालत नाही, दहा सेकंदांत प्रसारण बंद पडतं. दुसऱ्याचं गाणं लावलं तर हक्क आले, नोंदी आल्या. म्हणून त्यांनी सात महिन्यांपूर्वीची रिकामी खोली लावून ठेवली होती. कुणाचं गाणं नाही, म्हणजे कुणाचा हक्क नाही. आपल्या या युक्तीवर ते मनातून खूश होते.

त्यांनी फाइल लावून दाखवली. सुई केसभर थरथरत होती, बस. मोजणीदारांनी हेडफोन लावले. यंत्रांची घरघर आणि बाकी खरोखरच काही नाही.

"आता हीच फाइल नेटच्या वाटेने जाऊ द्या," मोजणीदार म्हणाले.

नेटच्या वाटेत एक डबा बसवलेला होता. मोठा आवाज दाबायचा आणि हळू आवाज वर उचलायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला सारखं बटण फिरवायला नको, एवढ्यासाठी. भावजींनी वायर बदलली. दोन सेकंद घरघर वाढली, ओसरली, आणि तिच्यामागून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून, ती बाई गाऊ लागली.

भावजींनी सुईकडे पाहिलं नाही. ते मोजणीदारांकडे पाहत होते.

"त्या खोलीत कुणी नव्हतं हो," ते म्हणाले.

४

त्यांनी फाइल पुढे चालू दिली. जगाला रोज चार-पाच मिनिटंच मिळत होती, या दोघांना पुढचं ऐकायला मिळालं. आवाज आणखी वर गेला, तिथे थोडा रेंगाळला आणि आता उतरणार असं वाटत असताना नवव्या मिनिटाला लांबून दार वाजलं. सुप्रभातचा खणखणीत आवाज आला, "सुप्रभात!" आणि गाणं ओळीच्या मधोमध थांबलं. ठोकेही थांबले. मग नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज.

म्हणजे या गाण्याला शेवटच नव्हता.

सुप्रभातला विचारलं. तुमच्या आधी इथे कोण येतं? तो छाती पुढे काढून म्हणाला, कुणीच नाही, सर्वांत पहिला मीच. मग मोजणीदारांनी नोंदताईंकडून किल्ल्यांची वही मागून घेतली. ज्याला स्टुडिओ हवा त्याने वेळ लिहून सही करायची आणि किल्ली न्यायची असा कडक नियम. त्या तारखेला सकाळी स्टुडिओ दोनची किल्ली कुणीही घेतलेली नव्हती.

भावजी रडकुंडीला आले होते. ज्या फाइलवर त्यांचा एवढा विश्वास, तीच आता स्टेशन बुडवायला निघाली होती. मोजणीदारांनी त्यांना सहज विचारलं की इतके दिवस इतके लोक ऐकत होते, त्यातल्या कुणी काही कळवलं कसं नाही? स्टेशनच्या साइटवर एक टपालपेटी होती खरी. पण त्यात नको ते टपालच फार येतं, म्हणून भावजींनी ती उघडणं कधीच सोडून दिलं होतं.

पेटी उघडली. त्यात तीन हजार नऊशे चार पत्रं होती.

मोजणीदारांनी एकेक वाचायला घेतलं. ज्या भाषा येत नव्हत्या त्या फोनने उलगडून दिल्या. मालवाहू बोटीवरचा एक स्वयंपाकी लिहीत होता की त्या वेळेला जहाजावर कुणी भांडं वाजवत नाही. एक नर्स रोज तेवढा वेळ बारा नंबरच्या पेशंटच्या उशाशी फोन ठेवत होती. एका बापाने लिहिलं होतं की त्याचा मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही, पण स्पीकरवर तळहात ठेवून बसतो आणि तीन ठोके झाले की हसतो. याच गावातून पोटापाण्यासाठी लांब गेलेल्या एकाने शोध लावला होता. त्याचा भाऊ फोनवरून सांगतो की गाणं लागतं तेव्हा इथे सूचना चालू असतात. सूचना जास्त, तर गाणं लांब. हा शोध सगळीकडे पोहोचला होता. त्यानंतरची कितीतरी पत्रं एकाच आशेवर होती. कुणी लिहिलं होतं, काल चाळीस सेकंद जास्त मिळाली, तुमच्या गावात ज्याचं जे हरवलं असेल ते त्याला मिळो, पण उद्या दुसऱ्याचं हरवो.

आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता. हे गाणं संपतं कसं?

मोजणीदारांनी चष्मा काढला. एकतीस वर्षं अकरा हजार हा त्यांच्यासाठी आकडा होता, पाच अंक, रकान्यात बसणारे. आज पहिल्यांदा त्या आकड्याला हात फुटले होते, उशा आणि भांडी आली होती. त्यांना एकदम फार लहान झाल्यासारखं वाटलं. हे सगळं कुणी ठरवून केलेलं नव्हतं. एक सुईवर विश्वास ठेवणारा माणूस, एक डबा, गावात हरवलेल्या पिशव्या, आणि त्यातून हे.

५

बुधवारी दुपारी नोंदताई डोकं दुखतं म्हणून घरी गेल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच, असं वहिनी काळजीने म्हणाल्या.

मोजणीदारांना तपासाचा कच्चा अहवाल पाठवायचा होता. त्यावर स्टेशनचा शिक्का लागतो. वहिनींनी नोंदताईंच्या ड्रॉवरमधून शिक्का आणि शाईचं पॅड काढून दिलं. मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असतात. एक स्टेशनची, एक गाणं रचणाऱ्यांच्या हक्काची, एक गाणाऱ्यांच्या हक्काची. त्यांनी तिन्ही प्रती शेजारी शेजारी मांडल्या, शिक्का पॅडवर दाबला, कागदावर मारला, पुन्हा पॅडवर.

टप-ठक. टप-ठक. टप-ठक.

त्यांनी पान उलटलं. सळसळ. पुढचं पान. टप-ठक, टप-ठक, टप-ठक.

त्यांचा हात हवेत थांबला. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भांडी बाजूला ठेवायला लावणारा, ऐकू न येणाऱ्या मुलाला तळहातातून हसवणारा तो ठेका त्यांच्या स्वतःच्या मुठीतून निघत होता. ते वाद्य नव्हतंच. तो मंडळाचा तीन प्रतींचा नियम होता.

गुरुवारी सकाळी सातला ते स्टेशनवर हजर होते. स्टुडिओ दोनचं दार नुसतं लोटलेलं. खोलीच्या मधोमध माइक, आणि पार टोकाला, खिडकीच्या उजेडात, ज्या लांब टेबलावर त्या रोज सकाळी आदल्या दिवसाच्या शीट हातावेगळ्या करत, तिथे नोंदताई. समोर शीटचे गठ्ठे होते, पण शिक्का मारत नव्हत्या.

मोजणीदार समोर बसले. त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, आरोप केल्यासारखं नाही. किल्लीच्या वहीत सही नव्हती, कारण जिच्या हातात वही असते तिला किल्लीसाठी सही करावी लागत नाही. सुप्रभात म्हणाला माझ्या आधी कुणीच नाही, कारण रोज दिसणारं माणूस त्याच्या मोजणीत आलंच नाही. ठोक्यांचं त्यांनी सांगितलं. आणि मग म्हणाले, "ते गाणं ऐकून सगळ्यांनी मला विचारलं, कोण गातंय. फक्त तुम्ही नाही विचारलं, ताई. तुम्ही विचारलंत, कुठवर जातं."

नोंदताईंनी शीटचा वरचा गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"दोनशे बारा शीट खोट्या गेल्या माझ्या सहीने," त्या म्हणाल्या.

मोजणीदारांना वाटलं होतं त्या आधी गाण्याबद्दल बोलतील. पण त्यांचं सगळं दुःख त्या शीटपाशी होतं. दुसऱ्यांची गाणी लिहिताना त्यांनी कधी एक सेकंदही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. कबूल केलं तर अठ्ठावीस वर्षांची कोरी करकरीत सही डागाळते, आणि नाही केलं तर स्टेशन बंद पडतं. दोन दिवस त्या याच कात्रीत होत्या.

"गाता कधीपासून?"

"मी कुठे गाते? हात चालतो तेव्हा तोंड चालतं." मग अगदी पुटपुटत म्हणाल्या, "परवा हेडफोनमध्ये ती बाई मीच आहे हे कळायला मिनिटभर गेलं. तोवर ऐकत होते तशीच, परक्यासारखी. बरी गाते."

 जे सांगायला अख्ख्या जगाला तीन हजार नऊशे पत्रं लागली होती ते या बाईने दोन शब्दांत सांगितलं होतं, आणि तेही संकोचून.

ते कामावर आले. चूक स्टेशनने स्वतःहून मुदतीत दुरुस्त केली तर ती खोटी नोंद ठरत नाही, असा नियम आहे. आणि गाण्याचा धनी मागच्या तारखांची लेखी परवानगी देऊ शकतो. धनी सापडला म्हणजे झालं.

"परवानगी कोण देणार?" नोंदताईंनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी असं पाहिलं, जसं काही मोजणीदारांनी त्यांना मनोरा उचलायला सांगितला होता.

६

वहिनी स्वतः आपल्या खोलीतून येऊन नोंदताईंच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षं नोंदताई त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहत आल्या होत्या. वहिनींनी परवानगी मागितली. नोंदताई म्हणाल्या, विचार करून सांगते. सुप्रभात दाराशी उभा होता. तो म्हणाला, "ताई, मी 'कुणीच नाही' म्हणालो होतो. चुकलं माझं." नोंदताईंनी त्याला नुसतं मान हलवून मोकळं केलं.

दिवसभर बसून त्यांनी नेटच्या दोनशे बारा शीट बाहेर काढल्या आणि प्रत्येकीवर 'बोलणं. गाणं नाही.' यावर सरळ रेघ मारून 'गाणं' लिहिलं. पहिल्या रेघेला हात थांबला होता, पुढे चालू लागला. पण गाणाऱ्याचा आणि रचणाऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. शुक्रवारी सकाळी मोजणीदारांनी ते पाहिलं. नावाशिवाय हे सगळं फुकट होतं, पाच वाजता परवानगी जाणारच होती.

"अर्धवट गाण्यावर मी कुणाचंच नाव घालत नाही," नोंदताई म्हणाल्या. "कालावधी काय लिहू? ते संपलंच नाही."

"मग?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन दहाला मला स्टुडिओ दोन लागेल." आणि किल्ल्यांची वही ओढून, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या नावाने सही केली.

वहिनींनी त्या दिवशीच्या सूचना पुढे ढकलल्या. हरवलेलं कुठे पळून जात नाही, असं त्या म्हणाल्या. मनोऱ्यावरून आणि नेटवरून, दोन्हीकडे एकच जाईल असं भावजींनी जोडून दिलं. मग त्यांनी माइक उचलून टेबलाजवळ न्यायला घेतला तर नोंदताईंनी नको म्हटलं. तो जिथे होता तिथेच राहिला, खोलीच्या मधोमध, आणि त्या आपल्या खिडकीपाशी.

काचेपलीकडे चौघे उभे होते. दोन वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावरचा आकडा चढू लागला. दोन दहा झाले तशी नोंदताईंनी कोऱ्या शीटचा गठ्ठा पुढे ओढला, तीन प्रती मांडल्या, आणि पॅडवर शिक्का दाबला.

त्या गाऊ लागल्या तेव्हा भावजींनी सुईवरचा दिवा बंद केला आणि हेडफोन कानाला लावले. सुप्रभात, ज्याला गप्प बसता येत नाही असा सगळ्यांचा समज होता, तो खाली जमिनीवर बसला. आवाज त्याच वाटेने वर गेला जी आता छप्पन्न देशांना पाठ होती. चार मिनिटं झाली, जिथे तो रोज तुटायचा ती जागा आली आणि मागे पडली. नववं मिनिट आलं. दार वाजलं नाही. नोंदताईंनी डोळे मिटले होते, हात आपोआप चालत होता, आणि ती मधोमध सुटलेली ओळ त्यांनी सात महिन्यांनी उचलली, आणखी वर नेली, इतकी की वहिनींनी मोजणीदारांचं मनगट घट्ट धरलं, आणि मग एकेक पायरीने, अजिबात घाई न करता, खाली आणून ठेवली. शेवटचा सूर थांबला. तीन ठोके पडले. सळसळ झाली नाही.

 मोजणीदारांना आपण रडतो आहोत हे कळत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

नोंदताईंनी घड्याळ पाहून त्या दिवसाची शीट ओढली. 'कालावधी: अकरा मिनिटं, वीस सेकंद.' मग गाणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. रचणाऱ्याच्या रकान्यात पुन्हा तेच. शीट घेऊन त्या काचेपाशी आल्या आणि मोजणीदारांना खुणेने विचारलं, श्रोते किती? तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मोजणीदारांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. ते ओशाळून वळले आणि कागदावर आकडा लिहून काचेला लावला. एक्केचाळीस हजार सहाशे तीन. नोंदताईंना ते चुकलं असावं असं वाटलं. त्यांनी पुन्हा तपासायला लावलं, मग उतरवून घेतलं.

त्या जागेवर परत गेल्या. परवानगीच्या कागदावर सही केली, तो बाजूला ठेवला आणि दुरुस्तीचा मोठा गठ्ठा समोर घेतला. पाचला अजून अडीच तास होते.

"आता मागच्या दोनशे बारा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पहिल्या शीटवर आपलं नाव लिहून शिक्का उचलला.

माइक बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. टप-ठक, टप-ठक, टप-ठक, सळसळ. पडद्यावरचा आकडा खाली आला नाही.